राखणदाराचं माप

दगडू कदमला मी तोंडाने ओळखायच्या आधी पायांनी ओळखत होतो. त्यात त्याचा अपमान काही नाही. लालबागच्या आमच्या चाळीत माझं शिलाई मशीन जिन्याखाली होतं आणि तिथून माणसाचे आधी पाय दिसत, मग जमलं तर बाकीचा माणूस. घाईतले पाय, पिऊन आलेले पाय, नव्या नवरीचे बिचकत उतरणारे पाय, सगळे मला पाठ होते. दगडूचे पाय रुंद, बोटं फाकलेली, लहानपण अनवाणी गेलेल्याची असतात तशी. छप्पन सालच्या जानेवारीपासून त्याचा डावा पाय ओढत पडायला लागला. त्याची गोष्ट येईलच.

तो आमच्या चाळीतला नव्हे. त्याची खोली नायगावला. पण त्याचं गाव सावंतवाडीकडचं आणि त्या गावाची मुंबईतली खोली आमच्या दुसऱ्या मजल्यावर होती. कोकणातल्या गावांची ही रीतच: गावकीची म्हणून एक खोली घ्यायची, भिंतीला ट्रंकांची रांग लावायची, आणि गिरणीच्या पाळ्या बदलतील तशी झोपणारी माणसं बदलायची. दगडू तिथे यायचा, पण दाराशी बसायचा. बाहेर बस असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आत ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. गिरणीत तो सूत कातायच्या रिंग खात्यात होता. साच्यावर, म्हणजे मागावर, पगार बरा, पण तिथे धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि याच्या तोंडचा धोटा पुढच्या पाळीवाल्याला चालत नसे. हे तो चिडून सांगत नसे. तो कुठलीच गोष्ट चिडून सांगत नसे. फक्त एकदा नाही म्हणाला की ते नाहीच राहायचं. त्याची बायको शांता म्हणायची, "हेंच्याशी भांडण्यापरीस भिंतीशी भांडलेला बरा. भिंत निदान पडता तरी."

लवू परब हा त्याचा गाववाला आणि जिवाभावाचा दोस्त. लवू आमच्याच चाळीत पहिल्या मजल्यावर, आई सुंदराबाई आणि थोरला भाऊ रामदास यांच्याबरोबर राहायचा. सुंदराबाई स्वतः पंधराएक वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात राबलेली. नवरा लवकर गेला, दोन्ही पोरं तिने सुतावर वाढवली.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि सगळीकडे भडका उडाला. रस्त्यावर पिंपं, दगड, उलटवलेल्या हातगाड्या. गिरणी चालू आहे का बंद, एवढं बघायला रामदास आणि दगडू निघाले आणि नाक्यावर गोळीबारात सापडले. गोळी रामदासला लागली. दगडूने त्याला खांद्यावर टाकलं आणि परळच्या इस्पितळाकडे धावत सुटला. वाटेत आडव्या टाकलेल्या दगडांत त्याचा पाय अडकला, दोघेही कोसळले. तो उठला, रामदासला पुन्हा खांद्यावर घेतलं, पुन्हा धावला. पोचेपर्यंत रामदास संपला होता. आपला घोटा मोडलाय हे दगडूला त्या संध्याकाळी कळलं, आणि तो पुढे कधी धड बसलाच नाही.

"मी हळू पडलो, मास्तर," एवढंच तो मला एकदा म्हणाला.

रामदास गेल्यावर सुंदराबाई उंबऱ्यावर बसायला लागली. रडणं नाही, ओरडणं नाही. लवू कामाला निघाला की दोन्ही हातांनी त्याचा सदरा धरायची. सोडवून घेतला तर तो परत येईपर्यंत पाणीही प्यायची नाही. तिचा हिशेब साधा होता. गावी माणसाला राखणदार सांभाळतो. इथे त्याला वाट माहीत नाही, म्हणून रामदास गेला, आणि आता लवूही जाणार. लवूच्या पाळ्या बुडायला लागल्या. खाडे वाढले तर बदलीवाला उभाच होता. इकडे आई वाळत चालली होती.

राखणदार म्हणजे काय, हे मला, घाटावरच्या माणसाला, त्या गावकीच्या खोलीतल्या प्रत्येकाने वेगळं सांगितलं. बसवलेला मेळ असा: तो देव नव्हे आणि भूतही नव्हे. माणसासारखाच दोन पायांचा, पण उंचीला माडाएवढा. अंगावर घोंगडं, हातात घुंगरांचा सोटा, पायात करकरणाऱ्या वहाणा. गावाच्या सीमेवरून फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो, पण तोंड दाखवत नाही. लवूच्या आजोबांनी त्याची पाठ बघितली होती. गावकीचा म्होरक्या गुणाजी राणे, त्याच्या चुलत्याने त्याला गुडघ्यापर्यंत बघितला होता, वरचा धुक्यात होता. अख्खा बघितलेला कोणी मला भेटला नाही. दरवर्षी जत्रेनंतर गावातर्फे त्याला नव्या वहाणा देतात, सीमेवरच्या दगडापाशी. गेल्या वर्षीच्या तिथेच असतात आणि त्यांच्या टाचा झिजलेल्या असतात. झिजल्या म्हणजे राखण झाली. कोऱ्या सापडल्या तर त्या वर्षी गावाने धास्तावून राहायचं. गावात त्या कोण झिजवतं ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारायला गेलो नाही.

या वहाणा देवळापासून सीमेपर्यंत डोक्यावरून न्यायच्या आणि न्यायच्या त्या महारवाड्यातल्या माणसाने. दगडूच्या घराण्याचा तो मान. त्याच गावात वरच्या वाडीतून जाताना दगडूच्या बापाला स्वतःची पायताणं काढून हातात धरावी लागत. दगडूने मला हे शर्टाचं माप देता देता सांगितलं, दोन्ही हात पसरून उभा असताना, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

सुंदराबाईची दशा बघून गुणाजीने गावी कौल लावायला माणूस पाठवला. कौल उजवा झाला: राखणदार मुंबईला यायला राजी आहे. त्याच्या वहाणा बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरल्या. एरवी ज्याला सगळे दगड्या म्हणत तो त्या दिवशी दगडूबा झाला. मोडका घोटा ओढत, अनवाणी, डोक्यावर त्या भल्यामोठ्या वहाणा घेऊन तो धक्क्यापासून लालबागपर्यंत आला. बाकीची मंडळी चार पावलं पुढे, पायात चपला घालून.

माझ्या मशीनच्या मागे जिन्याखाली एक कोनाडा होता. तिथे वहाणा कांबळ्यात गुंडाळून ठेवल्या आणि गुणाजीने गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा, तुझी जी लेकरां पोटापाठी हय इली हत, तेंच्या वाटेत उभो रव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ ओरडली.

"गोळी इली तर ती आडवी घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि मुंबयसकट संयुक्त म्हाराष्ट्र होवंदे रे म्हाराजा!"

मी घाटावरचा, राखणदाराशी माझं देणंघेणं नाही, पण या वाक्याला मीही बेंबीच्या देठापासून ओरडलो. वर्षभरात कांबळं उघडायचं नाही, पुढल्या जत्रेनंतर गावाहून नवी जोडी आली की मगच उघडून बघायचं, असं ठरलं. सुंदराबाईने कोनाड्याला हात लावून नमस्कार केला, वर गेली आणि भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी लवूचा सदरा तिने धरला नाही. उंबऱ्यावर मात्र ती बसतच राहिली. खाली म्हणून उतरली नाही.

मग अर्थातच राखणदार दिसायला लागला. चिंचपोकळीच्या पुलावर एका भय्याला दिसला, तेव्हा तो दोन मजले उंच होता. गिरणीच्या पहारेकऱ्याला दिसला तेव्हा पहारेकऱ्यापेक्षा थोडासाच उंच. मोर्च्याच्या दिवशी फाउंटनला तो गर्दीच्या मागे उभा होता असं तिघांनी शपथेवर सांगितलं, पैकी एकजण त्या दिवशी तापाने घरी झोपला होता. मी कोणाला खोटं पाडायला गेलो नाही. रस्त्यावर माणसं मरत होती आणि लोकांना कोणीतरी उंच माणूस पाठीशी हवा होता, इतकंच.

डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर हजारो लोकांनी दीक्षा घेतली, त्यांत दगडू आणि शांता होती. घरातले टाक आणि तसबिरी त्याने समुद्रात सोडल्या आणि माझ्याकडे येऊन पांढरा शर्ट शिवायला टाकला. थोड्या दिवसांनी गुणाजी जिन्यात त्याची वाट बघत थांबला होता.

"दगडूबा, जत्रा जवळ इली. नव्यो व्हाणो येतले. मान तुझो."

"डोक्यार घेवचंय नाय," दगडू म्हणाला.

"म्हणजे?"

"व्हाण ही पायात घालूची वस्तू. इतकी वर्सां डोक्यार घेतलंव, ती चूक झाली."

गुणाजी लाल झाला. गावाशी इमान, पूर्वजांची रीत, सगळं त्याने काढलं, आणि बोलता बोलता दगडूबाचा पुन्हा दगड्या झाला. दगडूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि निघून गेला. गावकीने त्याच्याशी बोलणं टाकलं. मग तो मान दुसऱ्या कोणाला द्यायचा याची बैठक झाली. मान इतका मोठा होता की घ्यायला एकही माणूस तयार होईना.

लवूची पंचाईत वेगळीच होती. त्याने एका दुपारी मला डोळा घालून कोनाड्यातलं कांबळं हळूच उघडून बघितलं. वहाणा कोऱ्या करकरीत. टाचेवर चांभाराने मारलेली रेघसुद्धा तशीच. कांबळं पुन्हा गुंडाळून तो माझ्या स्टुलावर बसला. त्या संध्याकाळी दगडू पांढरा शर्ट न्यायला आला, तेव्हा लवू त्याला म्हणाला, "कोऱ्यो हत रे. आयेन बघितल्यान तर ती पुन्हा धरून बसतली. ह्या खेपेक ती जगूची नाय."

दगडूने कोनाड्यात वाकून बघितलं.

"दगडार घासून ठेवया," लवू म्हणाला. "कोणाक कळता?"

"नाय," दगडू म्हणाला. "रामदासाच्या आवशीक तसा फसवूचा नाय. माका दी. चलान झिजयतंय."

घासून फसवणं आणि चालून फसवणं यांत फरक काय, ते मी त्याला विचारणार होतो. पण तोवर तो कोनाड्यापाशी पोचला होता. त्याने कांबळं सोडलं, स्टुलावर बसला आणि राखणदाराच्या वहाणा पायांत घातल्या. लवूने डोळे मिटून घेतले. आभाळ काही कोसळलं नाही. फक्त वहाणा चार बोटं मोठ्या निघाल्या. दगडूने दुसऱ्या दिवशी रिंग खात्यातून मूठभर कापसाचं वेस्ट आणून पुढे कोंबलं. कांबळ्यात आम्ही माझ्या चिंध्यांचं गाठोडं बांधलं, आणि पुढे दोन महिने चाळ येताजाता माझ्या चिंध्यांना नमस्कार करत होती.

त्या दोन महिन्यांत दगडू ट्राममध्ये चढला नाही. नायगाव ते लालबाग पायी, पाळी सुटली की पायी. सत्तावन्नच्या निवडणुकीच्या सभा सुरू होत्या. लवू गिरगावात सभेला गेला की हा मागे, परत फणसवाडीतून फिरून दादरपर्यंत. पायाला फोड आले, फुटले, पुन्हा आले. लवू रोज येऊन घाबरत त्याचे पाय तपासायचा, राखणदाराचा कोप उठलाय का बघायला. उठलं होतं ते कातडं. एकदा सकाळच्या पाळीला नळावरची मीराबाई घागर टाकून किंचाळत आली: धुक्यात घोंगडं पांघरलेला राखणदार तिने बघितला, वहाणा करकरत होत्या, आणि तो लंगडत होता. "आमच्यासाठी चालून चालून थकलो गो तो," म्हणून ती रडली. दगडूची थंडीतली घोंगडी आणि त्याची सकाळपाळी मला माहीत होती. मी मशीन चालवत राहिलो. शिंप्याने लोकांची मापं सांगत फिरू नये.

जत्रा झाली. नवी जोडी बोटीने आली, हमालाच्या पाटीतून गुपचूप खोलीवर पोचली आणि गुणाजीच्या ट्रंकेत पडून राहिली. ठरल्या दिवशी कोनाडा उघडायचा होता. आदल्या दुपारी लवूने चिंध्या काढून वहाणा जागेवर ठेवल्या. चाळ जिन्यात दाटली होती. सुंदराबाईला दोघींनी धरून अर्ध्या जिन्यापर्यंत आणलं, तिथेच ती बसली. गुणाजीने कांबळं सोडलं.

वहाणा झिजलेल्या होत्या. तळ पातळ झाला होता, कडा फुगल्या होत्या, डावी टाच तर निम्मी उडाली होती. बायकांनी हात जोडले. लवूने इतका मोठा श्वास सोडला की मी त्याच्याकडे रागाने बघितलं.

"डावी टाच जास्ती झिजल्या," गुणाजी सगळ्यांना दाखवत म्हणाला. "म्हणजे राखणदार डाव्या अंगान फिरलो. दर्याच्या बाजून." सगळ्यांना ते पटलं.

वहाणा हातोहात सुंदराबाईकडे गेल्या. तिने डावी कपाळाला लावली, मग मांडीवर ठेवली आणि त्या उडालेल्या टाचेवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिची बोटं वहाणेच्या पुढच्या पट्ट्याखाली गेली आणि बाहेर आली तेव्हा चिमटीत काळपट कापसाचा एक बोळा होता. तो कापूस कुठल्या खात्यातला हे गिरणीत हाडं झिजवलेल्या बाईला विचारावं लागत नाही. तिने मूठ मिटली. मी समोरच होतो. इतका घाबरलो की हातातली कात्री खाली ठेवायची राहिली.

"चललो," ती म्हणाली. "माझ्यासाठी चललो तो." बाकीच्यांनी आपापल्या परीने अर्थ लावला.

रीतीप्रमाणे जुनी जोडी समुद्रात सोडायची, पण ती म्हणाली, काही दिवस माझ्याकडे राहू दे. आणि नवी कोनाड्यात कोण ठेवणार हा प्रश्न आला तेव्हा म्हणाली, मी ठेवते. गुणाजीची सुटका झाली. मुलगा गमावलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? त्याने ट्रंक उघडून जोडी तिच्या हवाली केली. आठवडा गेला, कोनाडा रिकामाच होता. कोणी विचारलं नाही.

मग एका दुपारी दगडू बाही आखूड करायला शर्ट घेऊन आला होता. पायांत त्याच्या स्वतःच्या जुन्या चपला. मी टाके उसवत होतो. इतक्यात जिन्यावरून कोणीतरी उतरू लागलं, एकेक पायरी थांबत, कठड्याला धरून. म्हाताऱ्या बाईचे पाय, भेगाळलेले, घोट्याशी सुजलेले. मला ते ओळखता येईनात. इतकी वर्षं त्या जिन्याखाली बसून पाय न ओळखण्याची ती माझी पहिलीच वेळ. वर बघितलं तर सुंदराबाई. वर्षभरानंतर उंबरा सोडून ती आपल्या पायांनी खाली आली होती.

पदराखालून तिने नव्या वहाणा काढल्या आणि दगडूसमोर ठेवल्या. पण त्या राखणदाराच्या नव्हत्या. म्हणजे चामडं तेच, गावच्या चांभाराची शिवण तीच, पुढच्या पट्ट्यावरची मुद्राही तीच. फक्त कापून लहान केलेल्या. जुन्या जोडीच्या तळावर दगडूच्या पावलाचा काळा ठसा उमटला होता, तो नाक्यावरच्या मोच्याला वर बोलावून दाखवून तिने त्या मापाच्या करून घेतल्या होत्या.

"ह्यो तुझ्यो," ती म्हणाली. "डोक्यार घेव नको. पायात घाल."

दगडू उठून उभा राहिला. "काकी, मी राखणदार नाय."

"म्हाइत आसा माका." तिने त्याच्या डाव्या पायाकडे बघितलं. "माझ्या रामदासाच्या येळाक राखणदार इलो नाय. तू इलंस."

मला रडू आलं, ते लपवायचा मी प्रयत्न केला नाही. दगडूने खाली बघितलं.

"घालतंय," तो शेवटी म्हणाला. "पण हय जिन्याखाली लपान नाय. मागे घातलंय ते लपान घातलंय. आता वर घालतंय, गुणाजीसमोर."

मला वाटलं, म्हातारी कचरेल. गावकीची खोली म्हणजे तिचंही गाव, तिचीही माणसं. तिने वाकून वहाणा स्वतः उचलल्या.

"चल तर," ती म्हणाली.

दोघं वर गेली. ती पुढे, वहाणा हातात धरून, तो मागे. मी खालीच होतो, मला काही दिसलं नाही. पहिला मजला गेला, दुसरा आला. गुणाजी कोणाला तरी निवडणुकीचे आकडे समजावत होता, त्याचा आवाज खाली येत होता. मग वरच्या गॅलरीत नवं चामडं करकरलं. एक पाय सरळ, एक ओढलेला. करकर खोलीच्या दाराशी पोचली, जिथे दगडू इतकी वर्षं बसायचा, आणि तिथे न थांबता आत गेली. गुणाजीचं बोलणं थांबलं.